तारीख नसलेले रोल, नाव नसलेल्या फाइली

घरातले फोटो एकदा नीट लावून ठेवायचेच असं ठरवणारा माणूस बहुधा फोल्डरपासून सुरुवात करतो. वर्षाचा फोल्डर, त्याच्या पोटात महिन्याचा, त्याच्या पोटात प्रसंगाचा. दोन-चार संध्याकाळी उत्साह टिकतो. मग एखादा फोटो असा येतो की तो सहलीत टाकावा की वाढदिवसात हेच ठरत नाही, कारण वाढदिवस सहलीतच साजरा झालेला असतो. तेव्हा ‘इतर’ नावाचा फोल्डर जन्माला येतो, आणि तिथून पुढे जे येईल ते ‘इतर’मध्ये जाऊन पडतं. माझ्याकडे ‘इतर’ होता, ‘इतर नवीन’ होता, आणि ‘इतर, नंतर बघू’ही होता. हे नाव ज्या फोल्डरला मिळतं त्याच्याकडे नंतर कुणी बघत नाही, हे सांगायला नकोच.

माझ्यापुढे ढीग दोन आहेत. पहिल्यात निगेटिव्हच्या पट्ट्या, काही स्लाइड आणि त्यांचे स्कॅन. दुसऱ्यात कॅमेऱ्याने आणि फोनने काढलेल्या डिजिटल फाइली. बरेच दिवस मी दोन्हींना एकच औषध देत होते. पुढे लक्षात आलं की यांचं दुखणंच एकमेकांच्या उलट आहे. रोलला क्रम पक्का ठाऊक असतो, वेळ अजिबात ठाऊक नसते. डिजिटल फाइलीला वेळ सेकंदापर्यंत पाठ असते, पण तिला तिच्या जागेवरून कुणीही उठवून कुठेही बसवू शकतं. आणि समोर उभं असलेलं माणूस कोण, हे दोघांनाही माहीत नसतं.

आधी रोलचं सांगते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कडेला, भोकांच्या ओळीलगत, बारीक आकडे असतात: १२, १२ए, १३, १३ए. हे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि रोल धुतला की चित्रांबरोबर तेही दिसू लागतात. फिल्मचं नावही तिथेच असतं. कॅमेऱ्यात रोल कसा भरला यावर फ्रेम आकड्याच्या थोडी पुढे-मागे बसते, पण एकदा बसली की त्या रोलभर तेवढीच पुढे-मागे राहते. त्यामुळे पट्ट्या कापून कशाही मिसळलेल्या असल्या, तरी एका रोलच्या पट्ट्या कडेचे आकडे, फिल्मचं नाव आणि फ्रेमची बैठक बघून पुन्हा जुळवता येतात. प्रिंटमध्ये यातलं काहीच उरत नाही. अल्बममधून निखळलेली प्रिंट सुटी असते, आणि सुट्या गोष्टींना मागचं-पुढचं नसतं.

म्हणून माझ्या संग्रहाचं एकक फोटो नाही, रोल आहे. प्रत्येक रोलला एक क्रमांक, तोच पट्ट्यांच्या पाकिटावर, तोच फोल्डरच्या नावात, तोच स्कॅनच्या नावात. क्रमांकाला काही अर्थ नसावा या मताची मी आहे. त्यात वर्ष घातलं, गाव घातलं, की पुढे ते चुकीचं ठरतं आणि मग नाव बदलायचं की खोटं चालवून घ्यायचं हा पेच पडतो. बिनअर्थाचा आकडा कधी खोटा पडत नाही. पाकिटावर आधीचं कुणाचं काही लिहिलेलं असेल, अगदी ‘दुसरा अर्धा’ इतकंच, तरी ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. आज त्यातून काही कळत नसलं तरी लिहिणाऱ्याला कळत होतं.

रोल वाचायचा म्हणजे काय करायचं, तर लाइट टेबलावर सगळ्या पट्ट्या क्रमाने मांडायच्या आणि फोटो म्हणून बघायचंच नाही. पुरावा म्हणून बघायचं. एका रोलचं उदाहरण देते. पहिली फ्रेम अर्धी काळीकुट्ट, म्हणजे रोल भरताना उजेड लागलेला. पुढे काही फ्रेम एका अर्धवट बांधकामाच्या: खिडक्यांना गज बसलेत, रंग लागलेला नाही. मग दोन फ्रेम नुसत्या हललेल्या. मग एकदम घरातला उजेड, फ्लॅश, आणि सात-आठ माणसं दाटीवाटीने उभी. त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर. वर्षाच्या आकड्यापुढे नेमकं कुणाचं तरी डोकं आलेलं.

पण महिन्याचं पान स्पष्ट होतं. मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केल्यावर ‘जानेवारी’मधली पहिली दोन अक्षरं वाचता आली आणि एक तारीख बुधवारच्या घरात बसलेली दिसली. एक जानेवारीला बुधवार आला होता १९६९, १९७५, १९८६, १९९२ आणि १९९७ साली. फिल्म रंगीत, आणि कडेवरच्या खुणेप्रमाणे सी-४१ पद्धतीने धुतलेली. ती पद्धत १९७२ साली आली, म्हणजे १९६९ बाद. पुढच्या रांगेत माझा आत्येभाऊ उभा आहे, त्याचा जन्म १९८३चा, आणि फोटोत तो जेमतेम अडीच-तीन वर्षांचा दिसतो. राहिलं १९८६. जानेवारी १९८६. मी खूश होऊन पाकिटावर पेन्सिलीने तसं लिहिणार होते, पण त्याआधी आत्याला स्कॅन पाठवून फोन लावला.

“अगं, ते कॅलेंडर होय,” ती म्हणाली. “त्याचं पान कधी उलटलंच नाही. पहिल्या पानावरचं चित्र आजीला आवडलं होतं, म्हणून वर्षभर जानेवारीच.”

“मग पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी नवीन यायचं की, त्याच खिळ्यावर.”

म्हणजे वर्ष टिकलं, महिना गेला. आत्याला मग मी एकेका माणसाचं विचारत गेले. डावीकडून तिसरा, हसणारा, कुणाशीच तोंडवळा न जुळणारा तरुण कोण, हे आमच्याकडे कुणालाच सांगता येत नव्हतं. आत्या लगेच म्हणाली, “तो का? तो रेडिओ दुरुस्त करायला आला होता. फोटो काढताना म्हणाला, मीपण उभा राहतो. कोण नाही म्हणणार?”

हे कुठल्याही सॉफ्टवेअरला कळणार नव्हतं. चेहरे ओळखणारे प्रोग्राम मी वापरते, आणि त्यांच्यामुळे कष्ट वाचतात हे खरं आहे. पण ते फक्त साम्य मोजतात. सख्ख्या बहिणींची ते अदलाबदल करतात, आईच्या तरुणपणीच्या फोटोला मुलीचं नाव देतात, आणि रेडिओवाल्याला घरातला धरून कुठल्यातरी चुलतभावाखाली लावून मोकळे होतात. आजची माणसं आधी ओळखून द्या, मग ते गठ्ठे करतील. जुन्या फोटोंसाठी मात्र फोन लावावा लागतो, आणि तो लावायला उशीर करू नये. संग्रहाच्या कामात कशाला आधी हात घालायचा असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ज्या फोटोंमधली माणसं ओळखणारं आता एकच माणूस उरलं आहे, ते फोटो. स्कॅन बरा आला की वाईट, रंग उतरलेत की नाही, ते नंतर. फोनवर निगेटिव्हचा फोटो काढून, रंग उलटे करून, धूसर का होईना, पण चेहरा दाखवायचा आणि नाव लिहून घ्यायचं. एक जपून ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे या बोलण्याचं रेकॉर्डिंग, अर्थात विचारून केलेलं. नाव एका शब्दात संपतं, त्यामागची हकिगत पाच मिनिटं चालते.

आता लिहायचं कसं, याबद्दल. तारखेच्या बाबतीत फोटोचे प्रोग्राम फार हट्टी असतात. त्यांना वर्ष, महिना, दिवस आणि वर तास-मिनिटही हवं असतं. ‘१९८६ साली कधीतरी’ हे त्यांच्या रकान्यात मावत नाही. मग माणूस वैतागून एक जानेवारी लिहून टाकतो. दहा वर्षांनी तोच संग्रह दुसऱ्या कुणी उघडला की त्याला वाटतं, या घरात सगळं काही एक जानेवारीलाच व्हायचं. ग्रंथपाल आणि अभिलेखपाल मंडळींनी यावर तोड काढलेली आहे. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकाचा २०१९ साली दुसरा भाग आला. त्यात अंदाजे असेल तर वर्षापुढे ‘~’ अशी खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, आणि दशक माहीत पण वर्ष नाही असं असेल तर शेवटच्या आकड्याच्या जागी एक्स, अशी सोय आहे. घरगुती प्रोग्रामना ही भाषा बहुधा समजत नाही. म्हणून मी रकान्यात क्रम लागण्यापुरती कामचलाऊ तारीख घालते आणि वर्णनात खरं काय ते लिहिते: ‘१९८६. महिना माहीत नाही. वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आणि मुलाच्या वयावरून. कॅलेंडरचं पान उलटत नसत, असं आत्या सांगते.’

कशावरून, हे लिहिलं नाही तर अंदाज आणि माहिती यांतला फरक माझ्याबरोबरच संपेल. पुढे कुणाला त्याच रोलमधल्या दुसऱ्या फ्रेममध्ये जास्त चांगला पुरावा सापडला, तर माझा अंदाज मोडायला त्याला संकोच वाटता कामा नये.

स्कॅनच्या फाइलीत आणखी एक घोळ आपोआप होतो. डिजिटल फोटोच्या पोटात माहिती लिहून ठेवायची एक्झिफ नावाची पद्धत १९९५ साली जपानमध्ये ठरली. तिच्यात फोटो काढल्याची वेळ आणि फोटो डिजिटल झाल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने आहेत. डिजिटल कॅमेऱ्यासाठी दोन्ही एकच. स्कॅनसाठी मात्र त्यांत चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं. स्कॅनरला माहीत असते ती स्कॅनची वेळ, आणि फोनवरच्या गॅलरीला तेवढीच मिळाली की आजोबा गेल्या महिन्यातल्या फोटोंमध्ये तरुण होऊन उभे दिसतात. ‘तीन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी’ म्हणून फोन मला अधूनमधून पन्नाशीच्या घरातला फोटो दाखवतो आणि वर संगीतही वाजवतो. यावर इलाज सोपा आहे. फिल हार्वे यांनी २००३ पासून जोपासलेला एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम आहे. दिसायला रुक्ष, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायचा, पण एका ओळीत अख्ख्या रोलची तारीख बदलून देतो. पहिल्यांदा वापरताना फाइलींच्या प्रतीवरच वापरावा.

स्कॅनिंगबद्दल लोक फार बोलतात, त्यामानाने त्यात ठरवायचं थोडं असतं. फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. ती इंचाला ४००० ठिपके या हिशेबाने स्कॅन केली तर सुमारे ५६७० बाय ३७८० पिक्सेल, म्हणजे दोन कोटींच्या वर. दर रंगाला १६ बिट घेऊन टिफ फाइल केली तर एक फ्रेम सुमारे १२८ एमबी, आणि छत्तीसचा रोल साडेचार जीबीच्या पुढे. सगळं असंच स्कॅन करायला बसलं तर डिस्क भरेल ते भरेल, त्याआधी माणूस थकेल. मी उलटं करते. आधी सगळ्या रोलांची काँटॅक्ट शीट, म्हणजे लाइट टेबलावर पूर्ण रोल मांडून त्याचा एकच फोटो. तो झाला की रोल माहितीतला झाला. मोठा स्कॅन फक्त ज्याला हवा त्याचा, हवा तेव्हा. मूळ निगेटिव्ह जागेवर असतेच.

दोन-तीन गोष्टी मात्र हाताशी हव्यात. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, दुसरी किंचित मंद. मंद बाजूला इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर असतो. ती उलटी ठेवली की चित्र आरशातल्यासारखं येतं. पाटी असेल तर लगेच कळतं, पण नुसते चेहरे असतील तर वर्षानुवर्षं कळत नाही. भांग आणि मनगटी घड्याळ बघावं. कडेचे आकडे सरळ वाचता आले की बाजू बरोबर. धूळ फुग्याने उडवावी, कापडाने पुसू नये. स्कॅनरमधली इन्फ्रारेडने धूळ ओळखायची सोय रंगीत निगेटिव्हवर झकास चालते, पण पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर बंद ठेवावी. तिथे चित्रच चांदीचं असतं, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला सगळा चेहराच धूळ वाटतो. रंग सुधारायचे असतील तर सुधारलेली प्रत वेगळी ठेवावी. अंधारात अल्बममध्ये असूनही जुन्या रंगीत प्रिंट लालसर पडलेल्या दिसतात. तिन्ही रंगद्रव्यांपैकी सायन आधी उतरतो आणि बाकीचे दोन उरतात. तो परत आणणं हा अखेर आपला अंदाज असतो, म्हणून न सुधारलेला स्कॅन हवाच.

आणि स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह टाकून द्यायच्या नाहीत. असं करणारी माणसं मी पाहिली आहेत, जागा मोकळी झाली म्हणून समाधानीही पाहिली आहेत. पुढच्या पिढीचा स्कॅनर आजच्यापेक्षा बरा असेल. शिवाय निगेटिव्ह बघायला कुठला प्रोग्राम लागत नाही, खिडकीजवळ धरली की पुरतं. कोडॅकने १९९२ साली बाजारात आणलेल्या फोटो सीडीतल्या फाइली आज उघडायच्या तर आधी त्या वाचणारा प्रोग्राम शोधावा लागतो. त्याच सुमाराची निगेटिव्ह अजून उजेडात धरता येते. ठेवायच्या मात्र नीट: पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाही, पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लमुक्त कागदाच्या. थंड, कोरड्या जागी, कारण ओल आली की बुरशी इमल्शनवरच वाढते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या फिल्म ताबडतोब वेगळ्या काढाव्यात. ॲसिटेटची पट्टी विघटित होऊ लागली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि तेच ॲसिड विघटनाला आणखी वेग देतं, शेजारच्या पट्ट्यांच्याही. अशा पट्ट्या स्कॅनच्या रांगेत सगळ्यात पुढे.

डिजिटल ढिगाकडे वळले की वातावरण बदलतं. इथे तारखेची चणचण नाही, पण तारखेवर डोळे मिटून विश्वासही ठेवता येत नाही. कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी संपली की घड्याळ परत पहिल्या दिवसावर जातं आणि मालकाला पत्ता नसतो. प्रवासात टाइम झोन बदलतो, कॅमेरा घरच्याच वेळेवर चालत राहतो. एक्झिफमध्ये टाइम झोन लिहायला जागाच नव्हती, ती २०१६ साली झाली. एकाच समारंभात दोघांनी फोटो काढले, दोन कॅमेऱ्यांत सहा मिनिटांचा फरक, आणि वेळेप्रमाणे लावले की माणूस आधी निरोप घेतो मग आत येतो. गंमत म्हणजे हे दुरुस्त करणं रोलपेक्षा कितीतरी सोपं. चूक सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे एका फ्रेमची खरी वेळ कळली की पुरे. स्टेशनवरचं घड्याळ आलेला एक फोटो सापडला, त्याच्याशी फाइलीतली वेळ ताडली, आणि जो फरक निघाला तेवढा अख्खा गठ्ठा सरकवला. तेव्हापासून मी प्रवासाला निघाले की पहिला फोटो कुठल्यातरी सार्वजनिक घड्याळाचा काढते.

नावांची कथा वेगळी. कॅमेऱ्याच्या फाइलींची नावं एका मानकाप्रमाणे आठ अक्षरांची असतात, चार अक्षरं आणि चार आकडे. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. म्हणजे भरपूर फोटो काढणाऱ्या माणसाकडे एकाच नावाचे, एकमेकांशी काही संबंध नसलेले फोटो असणारच. ते एका फोल्डरात आणताना संगणक विचारतो, ‘बदलू का?’ आणि रात्री साडेअकराला माणूस ‘हो’ म्हणतो. म्हणून कार्डावरून उतरवतानाच नाव बदलून घ्यावं: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग वेळ, आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव. वर्ष आधी लिहिलं की अक्षरक्रम आणि कालक्रम एकच होतो. मूळ नाव शेपटीला ठेवल्यामुळे रोलच्या कडेच्या आकड्यांचं काम थोडंफार होतं, कुठला फोटो मधूनच गायब आहे ते कळतं.

मेसेजिंग ॲपमधून आलेले फोटो ही या ढिगातली अनाथ मंडळी. वाटेत त्यांचा आकार कमी होतो आणि पोटातली माहितीही बहुधा गळून पडते. नावात असते ती पाठवल्याची तारीख. त्यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. फोटो खरंच हवा असेल तर काढणाऱ्याकडे मूळ फाइल मागते. लोक आनंदाने देतात, फक्त ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ हे दोनदा सांगावं लागतं.

काय ठेवायचं आणि काय उडवायचं, यात मी दोन्ही ढिगांना वेगळा न्याय लावते, आणि तो पक्षपात आहे असं मला वाटत नाही. रोलमधली एकही फ्रेम मी काढून टाकत नाही. हललेली, अंधारी, बोट आलेली, सगळ्या जागेवर राहतात. वरच्या रोलमध्ये बांधकाम आणि घरातला प्रसंग यांच्यामध्ये दोन हललेल्या फ्रेम आहेत. त्या नीट बघितल्या तर रस्त्यावरून जाताना काढलेल्या वाटतात, म्हणजे ती मंडळी बांधकाम बघून त्याच दिवशी घरी आली असावीत. त्या फ्रेम कापून टाकल्या असत्या तर हा धागाच राहिला नसता. डिजिटलमध्ये क्रम सांभाळायला घड्याळ आहे, तेव्हा एकाच क्षणाच्या चौदा फाइलींतल्या बारा खुशाल जाव्यात. उलट त्या नाही गेल्या तर उरलेल्या दोनही कुणी बघणार नाही. फक्त निवड त्याच आठवड्यात करू नये. गॅरी विनोग्रँड हा अमेरिकन छायाचित्रकार काढलेले रोल मुद्दाम पुष्कळ दिवस धुवत नसे. फोटो काढतानाचा मूड विसरल्याशिवाय फोटो चांगला आहे की नाही हे कळत नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण तो १९८४ साली गेला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले मागे राहिले होते. मी एक ऋतू जाऊ देते. त्याहून जास्त थांबलं तर ते ‘नंतर बघू’ होतं.

फोल्डर मात्र आता अगदी बाळबोध ठेवलेत. फिल्मचे रोलच्या क्रमांकाने, डिजिटलचे वर्ष आणि महिन्याने, बस. सहल की वाढदिवस, हा प्रश्न फोल्डरला विचारायचाच नाही. एक फाइल एकाच जागी राहू शकते, पण तिला शब्द कितीही चिकटवता येतात. व्यक्ती, जागा, प्रसंग, आणि सगळ्यात उपयोगी ठरलेला शब्द: ‘ओळख बाकी’. आत्या भेटायला आली की मी फक्त तेवढा एक शब्द शोधते आणि ती चष्मा लावून बसते.

हे शब्द कुठे साठतात, याकडे मी प्रोग्राम निवडताना सगळ्यात आधी बघते. बरेच प्रोग्राम ते स्वतःच्या वहीत लिहितात, फोटोच्या फाइलीत नाही. प्रोग्राम चालू आहे तोवर सगळं सुंदर दिसतं. ॲपलने ॲपर्चर या फोटोच्या प्रोग्रामचं काम थांबवत असल्याचं २०१४ साली जाहीर केलं, गूगलने २०१६ साली त्यांचा पिकासा बंद केला. दोन्हींमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं बसून नावं आणि अल्बम लावलेले होते. ज्यांनी ती माहिती फाइलींमध्ये उतरवून घेतली होती त्यांचं फारसं बिघडलं नाही. आयपीटीसी आणि एक्सएमपी ही त्यासाठीची सर्वमान्य व्यवस्था आहे. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘माहिती फाइलमध्ये लिहा’ असा पर्याय कुठेतरी खोल दडलेला असतो. तो शोधून चालू करावा, मग एक फाइल दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडून नावं दिसतात का ते बघावं. दिसली नाहीत तर आपण भाड्याच्या भिंतीवर चित्रं रंगवतोय.

प्रतींबद्दल थोडक्यात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम अजून तरी कुणी मोडीत काढलेला नाही: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउडशी जुळवलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि फाइल नुसती असून भागत नाही, ती जशीच्या तशी आहे हे कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा एक आकडा, काढून ठेवता येतो. फाइलीत एक बिट बदललं तरी तो आकडा पार बदलतो. वर्षातून एकदा यंत्राला ताडायला लावायचं आणि आपण दुसरं काम करायचं.

प्रती राहतील, पण त्या उघडणारा कोण, याचा विचार केला की मला व्हिव्हियन मायर आठवते. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करणारी बाई, आयुष्यभर रस्त्यांवर फोटो काढत राहिली. साठवणीच्या जागेचं भाडं थकलं म्हणून २००७ साली तिचं सामान लिलावात निघालं. लाखभर निगेटिव्ह, कितीतरी रोल न धुतलेलेच. २००९ साली ती गेली, आणि नाव झालं ते त्यानंतर. लोकांना यात दैवयोग दिसतो. मला आधी दिसतं ते हे की सामान वेगवेगळ्या गिऱ्हाइकांमध्ये वाटलं गेलं. फ्रेम टिकल्या, पण कुठल्या खोक्याशेजारी कुठलं खोकं होतं हे ठाऊक असलेली एकुलती एक बाई त्या व्यवहारात नव्हती.

माझ्या संग्रहाचा लिलाव व्हायची धास्ती नाही, तेवढं कुणाचं अडलेलं नाही. तरी सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये मी एक साधी मजकुराची फाइल ठेवली आहे आणि तिची छापील प्रत निगेटिव्हच्या खोक्यात. रोलचे क्रमांक कसे दिलेत, अंदाजाच्या खुणा कुठल्या, घराबाहेरची डिस्क कुणाकडे आहे, कोणत्या फोल्डरला हात लावू नये आणि कोणता खुशाल पुसावा. खुशाल पुसावा असा एकच आहे आणि त्याचं नाव अजून ‘इतर’च आहे. रेडिओवाल्याचं नाव आत्यालाही आठवेना, तेव्हा त्याच्या रकान्यात ‘रेडिओ दुरुस्त करणारे, नाव माहीत नाही’ असं आहे. कुणी ओळखलंच तर लिहिणाऱ्याने कशावरून तेही लिहावं, एवढी सूचना खाली घातली आहे.